संगीतनिर्मितीच्या चर्चेत लिनक्स का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी संगीतनिर्मिती कशी करावी, या विषयावर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेख कळकळीने लिहिलेला आहे. माइक भिंतीपासून किती दूर ठेवावा, लहान खोलीतला घुमारा गाद्या-गोधड्या टांगून कसा कमी करावा, याविषयीचा त्यातला भाग तर कात्रण काढून ठेवावा असा आहे. संगणकाविषयीच्या परिच्छेदात मात्र लेखकाने वाचकापुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत. ऐपत असेल तर अ‍ॅपलचा संगणक आणि त्यावरचे विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे, आणि नसेल तर विंडोजवर ‘कुठून तरी मिळवलेले’ सॉफ्टवेअर वापरावे. हे ‘कुठून तरी’ म्हणजे कुठून, ते लेखकालाही ठाऊक आहे आणि वाचकालाही. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी खुल्या स्रोताची प्रणाली, ही तिसरी वाट आज उघडी आहे आणि तिचा लेखात एका शब्दानेही उल्लेख नाही, ही माझी तक्रार आहे. त्या वाटेने मी काही वर्षे चालतो आहे, तिच्यातले खड्डेही मला माहीत आहेत, तेव्हा नुसती भलामण करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही.

आधी ‘कुठून तरी’बद्दल. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या ध्वनियंत्रणेला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात (त्या नावाच्या कंपनीला याची कल्पना असेल की नाही, कोण जाणे). या डॉल्बीसाठी रिमिक्स बांधणारी कितीतरी मुले गावोगाव आहेत. हलगी, ताशा, बेंजो यांचे तुकडे जोडून, त्याखाली इलेक्ट्रॉनिक ठेका आणि बेस घालून ती जे तयार करतात, त्याच्या गोंगाटाबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्यामागे कान आणि मेहनत दोन्ही असतात. परंतु यातल्या बहुतेकांचे शिक्षण क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरवरच सुरू होते. मित्राच्या पेनड्राइव्हवरून फाइल येते, ‘आधी अँटिव्हायरस बंद कर’ ही सूचना तिच्याबरोबर येते आणि मुलगा ती बिनतक्रार पाळतो. माझ्या ओळखीच्या एका खासगी वर्गात शिक्षकानेच अशी प्रत सगळ्या संगणकांवर चढवली होती. पुढे एका सकाळी तिथल्या सगळ्या फाइलींची नावे बदललेली होती आणि पडद्यावर पैशांची मागणी होती. विद्यार्थ्यांचे वर्षभराचे काम त्यात गेले.

कायद्याची बाजूही लेखात यायला हवी होती. प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर थांबू शकते. मात्र सुपारी घेऊन रिमिक्स बनवणाऱ्या मुलाला ही सवलत मागता येईल असे वाटत नाही.

आता लिनक्सकडे येतो. ध्वनिमुद्रण, संपादन, वाद्यांची मांडणी आणि मिश्रण ही सगळी कामे ज्या एका सॉफ्टवेअरमध्ये होतात, त्याला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन किंवा मुलांच्या बोलीत नुसते ‘डॉ’ म्हणतात. लिनक्सवर असे डॉ एक-दोन नाहीत, चांगले डझनभर आहेत. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेला आणि दोन दशकांहून अधिक काळ वाढत आलेला ‘आर्डर’ हा त्यातला वडीलधारा. त्याचा मूळ स्रोत (सोर्स कोड) सर्वांना खुला आहे. तयार प्रत संकेतस्थळावरून घ्यायची तर आपल्याला परवडेल ती रक्कम द्यावी लागते, आणि उबंटूसारख्या वितरणाच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) भांडारातून घेतली तर काहीच द्यावे लागत नाही. मुद्रणासाठी तो भक्कम आहेच, आणि २०२२ मधल्या सातव्या आवृत्तीपासून त्यात तुकडे हवे तेव्हा वाजवण्याची सोयही आली, जी इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांना लागते. अगदी नवख्यासाठी ‘एलएमएमएस’ आहे. एफएल स्टुडिओ या विंडोजवरच्या लोकप्रिय डॉवर हात बसलेल्या मुलाला त्याची ठेक्याच्या चौकटींची मांडणी ओळखीची वाटते.

लिनक्स म्हणजे फक्त फुकटचा माल, हाही एक गैरसमज आहे. बर्लिनचा ‘बिटविग स्टुडिओ’ हा इलेक्ट्रॉनिक संगीतासाठीच बांधलेला व्यावसायिक डॉ २०१४ मध्ये पहिल्यांदा बाजारात आला, तोच विंडोज आणि मॅकबरोबर लिनक्सवरही. विनअ‍ॅप हे गाणी वाजवण्याचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकल यांचा ‘रीपर’ लिनक्सवर चालतो, साठ दिवस विनामूल्य वापरून पाहता येतो आणि व्यक्तिगत वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. ही रक्कम आपल्याकडच्या बारावीतल्या मुलाला लहान नाही, हे मान्य. पण मध्यम प्रतीच्या मोबाइलच्या निम्म्याहून कमी आहे, हेही खरे.

मग लोक अडतात कुठे? माझ्या अनुभवाने ते सॉफ्टवेअरपाशी अडत नाहीत, विलंबापाशी अडतात. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के मुले इथूनच परत फिरत असावीत, असा माझा अंदाज आहे.

शेजारच्या बारावीतल्या मुलाकडे वडिलांचा जुना लॅपटॉप होता. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि त्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. लॅपटॉप भंगारात घालण्याऐवजी आम्ही त्यावर साधी उबंटू चढवली, चार सप्तकांचा यूएसबी कीबोर्ड जोडला आणि आर्डर उघडला. पोराने दोन मिनिटे बोटे फिरवली आणि म्हणाला, “सर, बोट आधी वाजतंय, आवाज मागनं येतोय.” विलंबाची याहून नेमकी व्याख्या मी तीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवूनही केली नव्हती.

याचे गणित सोपे आहे. संगणक ध्वनीचे नमुने (क्षणोक्षणीची मोजमापे) एकेक करून बाहेर पाठवत नाही, तो त्यांची गठडी (बफर) बांधतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि एका गठडीत १०२४ नमुने असतील तर नुसती एक गठडी भरायला २१ मिलीसेकंद लागतात. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे हा विलंब आपले वाद्य सात मीटर दूर ठेवून वाजवण्यासारखा झाला, आणि प्रत्यक्षात एकाहून अधिक गठड्या रांगेत असतात, त्यामुळे तो आणखी वाढतो. गठडी १२८ नमुन्यांची केली तर हेच अंतर जेमतेम दोन हातांवर येते. पेटी मांडीपुढे असते तेव्हा कानापर्यंत साधारण तेवढेच अंतर असते, म्हणून बोटाला काही खटकत नाही.

आम्ही गठडी लहान केली आणि विलंब गेला, पण त्याच्या जागी तडतड आली. कढईत मोहरी टाकावी तसा आवाज. गठडी लहान म्हणजे ती वेळेवर भरण्याची घाई मोठी. तेवढ्यात प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी मंदावला किंवा वायफायचे काम मध्येच आले, की एक गठडी रिकामी जाते आणि कानाला तड्‌ ऐकू येते. ही मंडळी त्याला ‘एक्सरन’ म्हणतात. आर्डर सुरू होताना एक इशाराही दाखवत होता, की या वापरकर्त्याला पुरेशी स्मृती (मेमरी) राखून ठेवण्याची मुभा नाही. आम्ही तो प्रत्येक वेळी ‘ठीक आहे’ दाबून बंद करत होतो. चूक तिथेच होती. वापरकर्त्याचे नाव ‘ऑडिओ’ या गटात घालायचे, त्या गटाला ध्वनीच्या कामासाठी अग्रक्रम आणि स्मृती राखण्याची मुभा द्यायची, प्रोसेसरला वीज वाचवण्याऐवजी पूर्ण वेगाने चालायला सांगायचे आणि मुद्रण करताना वायफाय बंद ठेवायचे, एवढे केल्यावर १२८ नमुन्यांवर तो लॅपटॉप तासभर एकदाही तडतडला नाही. करायला वीस मिनिटांचे काम, पण हे कुठे मराठीत नीट लिहून ठेवलेले आम्हाला सापडले नाही, आणि इंग्रजीतले सल्ले एक २००९ चा तर दुसरा २०२३ चा, दोन्ही एकमेकांना छेद देणारे.

ते छेद का देतात, तेही सांगायला हवे. लिनक्सवर ध्वनीची व्यवस्था थरांनी वाढत गेली. तळाशी कर्नेलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली ‘अल्सा’, संगीतकारांसाठी पॉल डेव्हिस यांचेच ‘जॅक’, आणि सामान्य वापरासाठी ‘पल्सऑडिओ’. जॅक चालू केले की ब्राउझर मुका व्हायचा आणि ब्राउझर बोलू लागला की जॅक रुसायचे. हे भांडण मिटवले ते रेड हॅट या लिनक्स-कंपनीतील विम टायमन्स यांच्या ‘पाइपवायर’ने. ते २०२१ मध्ये फेडोरा या वितरणाच्या ३४ व्या आवृत्तीत आणि २०२२ मध्ये उबंटू २२.१० मध्ये मूळ व्यवस्था म्हणून आले आणि दोन्ही घरे एका छपराखाली नांदू लागली. शिवाय कर्नेलला ठरल्या वेळेत उत्तर द्यायला लावणारे, सुमारे वीस वर्षे मुख्य शाखेबाहेर राहिलेले बदल २०२४ च्या अखेरीस आलेल्या ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये सामील झाले. आमच्यासारख्यांच्या कामाला तेवढ्या काटेकोरपणाची गरज सहसा पडत नाही. तरीही २००९ चा सल्ला आज का चालत नाही, हे यावरून ध्यानात यावे. ज्यांना हात घालायचाच नाही त्यांनी सरळ ‘उबंटू स्टुडिओ’ घ्यावी, तिच्यात यातले बरेचसे आधीच करून दिलेले असते.

वाद्ये आणि प्रक्रिया पुरवणाऱ्या प्लगइनच्या बाबतीत आता स्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळच बरी आहे. लिनक्सचे स्वतःचे ‘एलव्ही२’ हे प्लगइनचे स्वरूप होतेच. २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी ‘क्लॅप’ हे खुले स्वरूप आणले, आणि २०२५ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने आपल्या ‘व्हीएसटी३’ या सर्वाधिक रूढ स्वरूपाचा परवानाही मोकळा केला. सिंथेसायझर (सिंथ), म्हणजे कृत्रिम आवाज घडवणारे वाद्य हवे असेल तर ‘व्हायटल’ आहे, ‘झिनअ‍ॅडसबएफएक्स’ आहे. पण मला एकाच प्लगइनबद्दल बोलायची परवानगी असेल तर मी ‘सर्ज’बद्दल बोलेन. आधी विकले जाणारे हे सिंथ त्याच्या कर्त्याने २०१८ मध्ये खुले केले आणि स्वयंसेवकांनी ‘सर्ज एक्सटी’ म्हणून वाढवले.

माझ्यासारख्या हिंदुस्थानी संगीतावर पोसलेल्या कानाला कोणत्याही कीबोर्डचा गंधार टोचतो. समान अंतराच्या सप्तकात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सप्तकाचे १२०० सेंट) असतो, तर तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा, ५/४ या गुणोत्तराचा गंधार ३८६ सेंटवर. म्हणजे यंत्राचा गंधार १४ सेंट चढा. पेटीवर कानस लावून गंधार उतरवून घेणारे वादक आहेत, पण मग तो एका षड्जापुरताच राहतो, काळी एकला बरोबर आणि पांढरी चारला भलताच. सर्जमध्ये यासाठी ‘स्काला’ नावाच्या स्वरूपातली एक साधी मजकूर-फाइल द्यावी लागते. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत १२ हा आकडा आणि पुढे बारा ओळींत बारा स्वरांची गुणोत्तरे: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३ असे करत शेवटी २/१. षड्ज कोणत्या पट्टीवर ठेवायचा ते दुसऱ्या छोट्या फाइलीत. फाइल बदलली की अख्खे वाद्य नव्या पट्टीत मिळून येते. मी ज्या दिवशी ती फाइल चढवली आणि सा-प धरून वर ग लावला, त्या दिवशी खोलीत दिवा न लावताच बराच वेळ बसून राहिलो होतो.

मी मिरजेत राहतो. येथील सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते आपणही छापले होते. सतारमेकरच्या दुकानात बसले की दिसते, घोडी कानसेने घासून, तारेखालचा दोरा केसभर सरकवून गिऱ्हाइकाच्या गळ्याप्रमाणे जवारी (तारेचा झंकार) काढली जाते. वाद्य उघडता येते म्हणूनच ते जुळवता येते. खुल्या स्रोताच्या सिंथबद्दल मला आपुलकी वाटते ती त्याच कारणाने, पैसे वाचतात ही गोष्ट माझ्या लेखी नंतरची.

आता खड्डे. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, लॉजिक या नावाजलेल्या डॉंपैकी एकही लिनक्ससाठी निघत नाही. चित्रपटसंगीताच्या स्टुडिओत ज्याच्यावर सगळा वाद्यमेळ उभा असतो ते ‘कॉन्टॅक्ट’ लिनक्ससाठी नाही, आणि आयलॉक या परवाना-यंत्रणेच्या कुलपात बंद असलेले प्लगइन इथे उघडत नाहीत. ‘वाइन’ आणि ‘याब्रिज’ यांच्या मदतीने विंडोजचे पुष्कळ प्लगइन चालवता येतात, पण वाइनची नवी आवृत्ती आली की काल चालणारे आज रुसू शकते. मुदतीचे काम हातात असलेल्याने त्यावर विसंबू नये. दुसऱ्याच्या स्टुडिओत नोकरी करायची असेल तर तिथे जे चालते तेच शिकावे लागेल, हेही मी मुलांना सांगतो. ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्य संगणकाला जोडणारी पेटी) घेताना तो वेगळ्या ड्रायव्हरशिवाय, यूएसबीच्या सर्वमान्य पद्धतीने चालतो का, ते आधी विचारावे. एका दुकानदाराने ‘सगळ्यावर चालतो’ म्हणून दिलेला इंटरफेस माझ्याकडे अजून डब्यात पडून आहे.

आपल्या वाद्यांचे तयार नमुने, म्हणजे मुद्रित करून ठेवलेले सुटे आवाज, तर फारच थोडे. तबल्याचा संच आम्ही स्वतः ‘हायड्रोजन’ या ठेक्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला. ना, तिं, तू, क, घे असा एकेक बोल हलका, मध्यम आणि जोरात असा तीनदा मुद्रित केला आणि दाबाप्रमाणे वेगवेगळा वाजेल असा लावला. चाटीचे बोल छान आले. डग्गा मात्र हाती लागला नाही, कारण मनगट दाबत काढलेला घुमारा प्रत्येक वेळी वेगळा चढतो आणि एका नमुन्यात तो मावत नाही. त्यामानाने हलगीने फार साथ दिली. तिचा कडक, कोरडा आवाज कापायला आणि निम्म्या वेगाने वाजवायला सोपा, आणि निम्म्या वेगावर तिची थाप एखाद्या मोठ्या दरवाजासारखी वाजते. त्या पोराने त्याखाली सर्जचा बेस घालून चार मिनिटांचा तुकडा केला आहे. मला त्याचा शेवट लांबलेला वाटतो, त्याला नाही.

केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षे लिनक्सवर आधारित प्रणालीच वापरली जाते, तिथल्या मुलांना त्यात काही अवघड वाटत नाही. आपल्याकडे संगीत विभाग असलेल्या महाविद्यालयांनी आणि ध्वनितंत्राचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांनी विकतचे परवाने जरूर घ्यावेत. पण विद्यार्थी घरी गेल्यावर त्याच्या स्वतःच्या संगणकावर काय वापरणार, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा. प्रयोगशाळेत दहा परवाने आणि वर्गात साठ मुले असतील, तर उरलेली पन्नास कुठे वळतात ते सर्वांना ठाऊक आहे. निदान पहिल्या सत्रात आर्डर किंवा एलएमएमएस शिकवले, तर मुलाला वर्गातले काम घरी नेता येईल.

आपल्याकडे माझी विनंती त्याहून लहान आहे. लेखाचा पुढचा भाग येत्या रविवारी आहे असे वाचले. त्यात एक चौकट लिनक्ससाठी द्यावी आणि त्या चौकटीत इतर काही नाही तरी तीन गोष्टी छापाव्यात: नमुन्यांचा वेग ४८,०००, गठडी १२८ किंवा फार तर २५६, आणि वापरकर्ता ‘ऑडिओ’ गटात. आमचे एवढ्यासाठी तीन आठवडे गेले.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स शिक्षक, मिरज